जहरी नारळाचं चित्र आणि न काढलेला एक डाग

मी कागद दुरुस्तीचं काम करते, म्हणजे जुनी चित्रं, नकाशे, दस्तऐवज यांचं कॉन्झर्वेशन, पुण्यात घरातल्याच एका खोलीत टेबल टाकलंय. मागच्या पावसाळ्यात एक काका तीन प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळलेली फ्रेम घेऊन आले. त्यांच्या आजोबांचं काष्ठौषधींचं दुकान होतं, ते बंद होऊनही खूप वर्षं झाली, आणि ही फ्रेम तिथे गल्ल्याच्या मागे लावलेली असायची. ताई, एकदम पांढरंशुभ्र करून द्या, एवढंच म्हणाले.

काच काढली आणि मी बघतच राहिले. उंच ताडासारखी झाडं, पंख्यासारखी पानं, खाली जमीन, आणि तळाशी बारीक अक्षरात 1827. हे लंडनच्या कर्टिसेस बोटॅनिकल मॅगझिन या वनस्पतींची चित्रं छापणाऱ्या मासिकाचं पान होतं, कोको द मेरचं. आपल्याकडे जहरी नारळ किंवा दर्याचा नारळ म्हणतात तोच, साधू-फकिरांच्या हातातलं काळं भिक्षापात्र त्याच्याच करवंटीचं. 1827 मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ हूकर यांनी मासिकात या एका झाडाला 2734 ते 2738 असे 5 चित्रक्रमांक दिले होते, नेहमी एका झाडाला एक पान मिळायचं तिथे. हूकर तेव्हा ग्लासगोत प्रोफेसर, ते काही हे झाड जिथे उगवतं त्या हिंदी महासागरातल्या सेशेल्स बेटांवर गेलेले नव्हते, त्यांच्याकडे मॉरिशसहून चार्ल्स टेल्फेअर यांनी पाठवलेले नमुने आणि माहिती होती. तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापायचं आणि मग एकेका प्रतीत हाताने रंग भरायचा, या मासिकात हे हाताने रंगवणं 1948 पर्यंत चालू होतं. म्हणजे माझ्या टेबलावरचं हिरवं पान कुणीतरी समोर नमुन्याचं रंगीत पान ठेवून भरलं होतं, आणि त्या माणसाने ते झाड बहुतेक जन्मात पाहिलं नव्हतं. मला या रंगवणाऱ्यांबद्दल फार वाटतं, त्यांची नावं चित्रावर कधीच नसतात.

असो, काम. कागद मागून पुठ्ठ्याला चिकटवलेला, पुठ्ठ्यातलं ॲसिड कागदात उतरून सगळा पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला, एका कडेला कसर लागलेली. माझ्या डोक्यात प्लॅन तयार होता की पुठ्ठा सोडवायचा आणि पाण्यात धुवायचा, धुतल्यावर असा कागद खरंच उजळतो. पण आधी प्रत्येक रंगावर पाण्याचा बारीक थेंब ठेवून टेस्ट करतात, दहा सेकंद, मग ब्लॉटिंग पेपरचा तुकडा दाबायचा. काळी शाई ठीक. खोडाचा तपकिरी ठीक. पानाच्या कडेला हिरव्यावर ठेवला आणि ब्लॉटिंगवर पिवळा ठिपका उमटला, पोटात गोळाच आला. त्या काळात हिरवा बरेचदा प्रशियन निळ्यात गॅम्बोज मिसळून करायचे, गॅम्बोज म्हणजे झाडाचा पिवळा चीक वाळवून केलेला रंग. हाही तसाच असेल तर पिवळा धुऊन गेला की पान निळं पडणार, आणि ॲसिड मारायला पाण्यात अल्कली घालावी तर ती प्रशियन निळ्याला चालत नाही. धुणं रद्द. टोकाएवढा जो रंग गेला तो गेलाच, भिंगातून आजही दिसेल, मी तो रिपोर्टात लिहिला.

मग कोरडी सफाई, मऊ ब्रश आणि रबर स्पंज. तेव्हा तो डाग नीट बघितला. एका खोडाच्या बुंध्याशी, जिथे झाड जमिनीला टेकतं तिथे रुपयाएवढा तपकिरी गोल, आणि त्याच्या मधोमध रंग झिजून कागदाचे तंतू वर आलेले. बुरशीचा म्हणावा तर एकटाच कसा, पाण्याचा म्हणावा तर कडेला रेघ नाही. शिवाय जागा इतकी विचित्र, हात लावावासा वाटला तर लोक वर नारळांच्या घडाला लावतील, बुंध्याला कोण लावेल? मी काकांना फोन केला, डाग थोडा फिका करता येईल पण तिथला रंग गेलाय, भरू का.

ते संध्याकाळी स्वतःच आले, भर पावसात. डाग बघून गप्प झाले, मग म्हणाले, हे आजोबांचं बोट आहे. फ्रेम नंतर झाली, आधी हे चित्र कित्येक वर्षं गल्ल्यावर तसंच उघडं असायचं. बाळंतिणीच्या घरची माणसं गुटीसाठी जहरी नारळ न्यायला यायची आणि म्हणायची हा समुद्राच्या तळाशी उगवतो ना? आजोबा प्रत्येकाला चित्र दाखवायचे आणि बुंध्यावर बोट ठेवून म्हणायचे, ही बघा जमीन!

माझ्या अंगावर काटा आला. कारण ते लोक चुकीचे असले तरी खुळे नव्हते, हा गैरसमज शेकडो वर्षांचा आहे. नारळ मालदीवच्या किनाऱ्याला वाहत यायचे, तिथे सापडलेला नारळ राजाचा असायचा, विषावर उतारा म्हणून भलती किंमत. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या ग्रंथात त्याच्याबद्दल लिहिलंय, झाड कुठलं ते त्यालाही ठाऊक नव्हतं. आजच्या इंडोनेशियातल्या अंबोन बेटावर आयुष्य घालवलेला वनस्पतिअभ्यासक रम्फियस, ज्याने दृष्टी गेल्यावरही तिथल्या झाडांचा ग्रंथ पुरा केला, त्याला तर हे झाड समुद्रातच वाढतं असं वाटायचं. 1768 मध्ये फ्रेंचांना सेशेल्समधल्या प्रासलिन बेटावर झाडं दिसली तेव्हा कुठे उलगडा झाला. प्रासलिन आणि शेजारचं क्युरियस, आपोआप उगवतं ते फक्त तिथेच, कारण ताजा नारळ इतका जड की पाण्यात बुडतो, आतलं खोबरं कुजून पोकळ झालेलाच तरंगतो आणि तो रुजत नाही. म्हणून किनाऱ्याला लागलेल्या नारळातून कुणाला कधी झाड दिसलंच नाही.

काकांनी खिशातून कागदाची पुडी काढली, आत आजोबांच्या बरणीतला शेवटचा तुकडा, हस्तिदंतासारखा पांढरा, दगडासारखा टणक, एका बाजूने उगाळून गुळगुळीत झालेला. चित्राशेजारी ठेवून आम्ही दोघं बराच वेळ बघत बसलो.

पुठ्ठा मी पुढचे चार दिवस थराथराने स्पॅट्युलाने खरवडून काढला, घडी जपानी टिश्यू आणि गव्हाच्या खळीने सांधली, काच कागदाला टेकू नये म्हणून मध्ये माउंट, म्हणजे कापलेल्या पुठ्ठ्याची चौकट, घातला. पांढरंशुभ्र काही झालं नाही, काकांनी त्याबद्दल चकार शब्द काढला नाही. रिपोर्टात न काढलेल्या डागांसाठी कारणाचा रकाना असतो, तिथे मी एरवी 'काढल्यास कागदास धोका' असं लिहिते. या वेळी लिहिलं, 'बोट ठेवून जमीन दाखवल्याची खूण'.