आखूड गोधडी

लग्नकार्यात कुणी विचारलं, "तुम्ही काय करत होता?" आणि मी "विम्यात" म्हटलं, की समोरचा माणूस अर्धं पाऊल मागं सरकतो. आता ही बाई पॉलिसी गळ्यात मारणार! मग मी घाईघाईनं सांगते, "विकत नव्हते हो. क्लेम बघायचे. गोदामं, कारखाने, दुकानं जळली-बुडाली की जायचं." त्यावरचा प्रश्नही ठरलेला असतो: "म्हणजे पैसे कसे द्यायचे नाहीत ते बघायचं?" एकतीस वर्षं ऐकलाय. आता उत्तर देत नाही, जिलबी घेते.

१९९१ साली एका सरकारी विमा कंपनीच्या कोल्हापूरच्या ऑफिसात सहाय्यक म्हणून लागले. पहिली सात वर्षं प्रीमियमच्या पावत्या फाडल्या. मग खात्याची परीक्षा दिली, अधिकारी झाले. तेव्हा एक साहेब म्हणाले, "मॅडमना मोटार क्लेम द्या, टेबलावर बसून होतं." मी फायर मागून घेतलं. त्यात शौर्यबिर्य काही नव्हतं. मोटारच्या टेबलावर सकाळपासून भांडणं चालायची आणि मला भांडण झेपत नाही.

फायर म्हणजे नुसती आग नव्हे. आग, वादळ, पूर, दंगल, सगळं त्याच पॉलिसीत. त्या वेळी २० हजारांच्या आतलं नुकसान असेल तर लायसन्सवाला सर्व्हेअर, म्हणजे नुकसान मोजणारा बाहेरचा माणूस, नेमायची सक्ती नव्हती, कंपनीचाच माणूस बघून यायचा. त्या बारक्या क्लेमांवर मी शिकले. लक्ष्मीपुरीत सुतळी-काथ्याचं एक दुकान जळालं होतं. मालक म्हणाला, "शॉर्टसर्किट." मी लिहिलं, शॉर्टसर्किट. आमच्याकडं दर दोन आगींतली एक शॉर्टसर्किटनंच लागते. पुढं एका मुरलेल्या सर्व्हेअरनं, इंजिनियर माणूस, मला राखेतून तांब्याची तार उचलून दाखवली. टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढा चकचकीत मणी. "ठिणगी उडाली की तांबं असं गोळा होतं," ते म्हणाले. मी लगेच वहीत टिपून घेतलं. तर म्हणाले, "थांबा. आग आधी लागून वायरीचं आवरण जळलं, तरी तारा एकमेकींना भिडतात आणि असाच मणी होतो. तेव्हा मणी सापडला म्हणजे कारण सापडलं असं नाही." मी टिपलेलं खोडलं नाही, खाली दुसरं वाक्य लिहिलं. ती वही अजून आहे.

बाई म्हणून काय अडचण आली, असं मुली विचारतात. सांगण्यासारखी एकच: पाणी. फौंड्रीत किंवा गोदामात बायकांसाठी सोय नसायची. सकाळी निघाल्यापासून परत येईपर्यंत मी पाण्याचा घोट घेत नसे. बाकी "साहेब मागून येताहेत का?" हे दर ठिकाणी व्हायचं. सुरुवातीला राग यायचा. मग मी म्हणायला लागले, "येताहेत, तोवर तुम्ही स्टॉक रजिस्टर काढा."

२००४ ला बढतीवर मुंबईला गेले आणि वर्षभरात २६ जुलै. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर. कुर्ला-साकीनाक्याच्या गोदामांत नंतरचे तीन महिने गेले. तिथं एक सवय लागली, ती शेवटपर्यंत राहिली: आधी माल बघायचा नाही, भिंत बघायची. पाणी उतरलं की भिंतीवर चिखलाची रेघ राहते. टेप लावायचा, उंची लिहायची, फोटो काढायचा. कागद खोटं बोलू शकतो, मालक बोलू शकतो, आम्हीही बोलतो. पण रेघ चार फुटांवर असेल तर सात फुटांवरचा माल भिजला नाही. आठ दिवस उशीर केला की मात्र चुना मारून झालेला असतो.

हे सगळं आठवायचं कारण गूळ.

ऑगस्ट २०१९. तोवर मी परत कोल्हापुरात आले होते. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर ४३ फूट, त्या वेळी पाणी ५५ च्या वर गेलं. शिरोलीजवळ हायवे कितीतरी दिवस बंद. शाहूपुरीत पाणी शिरलं. ते ओसरल्यावर तिथल्या एका गूळ व्यापाऱ्याच्या गोदामात मी आणि सर्व्हेअर गेलो.

कापड भिजलं तर कापड राहतं. यंत्र बुडालं तर गंजलेलं का होईना, यंत्र राहतं. गुळाचं काहीच राहत नाही. खालच्या मजल्यावर तपकिरी, बुटाला धरून ठेवणारा चिखल होता. त्यावर माश्या आणि मुंगळे. कोपऱ्यात बारदानांचा एक ढीग. वास आंबूस, गुऱ्हाळाच्या मळीसारखा, आणि त्याखाली गटार. वरच्या मजल्यावर मात्र रवे, म्हणजे गुळाच्या मोठ्या ढेपा, जसेच्या तसे रचलेले. ते आम्ही मोजले: तीस-तीस किलोचे, तेराशेच्या आसपास. रवा सरासरी बाराशेचा धरला तर सोळा लाखांचा माल वाचला होता. खाली किती होता?

"दोन हजार रवे," शेठ म्हणाले. श्रावण-गणपतीसाठी धरून ठेवलेला माल. म्हणजे चोवीस लाख. बँकेला दिलेलं जुलैचं स्टॉक स्टेटमेंटही तेच सांगत होतं: एकूण चाळीस लाख. विमा पंचवीसचा.

आता स्टॉक स्टेटमेंट म्हणजे काय ते सांगायला हवं. कॅश क्रेडिटवर, म्हणजे माल तारण ठेवून घेतलेल्या कर्जावर, बँक मालाच्या किमतीच्या हिशेबात पैसे उचलू देते, त्यामुळं बँकेच्या कागदावर माल नेहमी थोडा जास्त असतो. आयकराच्या कागदावर थोडा कमी. विम्याच्या कागदावर प्रीमियम परवडेल तेवढा. एकाच गोदामात तीन माल! नवी असताना मी बँकेचा कागद वेदवाक्य मानून एक फाइल पास केली होती, आणि तपासणीत तोंडावर पडले होते. तेव्हापासून मी चौथा कागद शोधते.

तो कागद या वेळी मुकादमाच्या खिशात होता. हमालांच्या टोळीची मजुरी नगावर. आज किती रवे उतरवले, किती चढवले, हे ते लिहून ठेवतात, कारण त्यावर त्यांच्या घरची चूल चालते. लांबट, तेलकट वही, टोकाला सुतळीनं पेन बांधलेलं. मुकादम म्हणाला, "ताई, शेठचं काय वाईट करायचं न्हाई आपल्याला. पन वहीत हाय तेच हाय." वहीनं सांगितलं, खाली तेराशे-साडेतेराशे. खरेदीची बिलंही त्याच्या जवळपास जात होती. म्हणजे माल चाळीसचा नव्हता, बत्तीसचा. नुकसान सोळाचं.

शेठनी फार वाद घातला नाही. एवढंच म्हणाले, "मग बँकेला काय सांगू?" त्याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. मग सावरून म्हणाले, "बरं, सोळा गेले. विमा पंचवीसचा. म्हणजे बसतंय की आत. सोळा द्या की!"

हे वाक्य मी एकतीस वर्षांत किती वेळा ऐकलं असेल! पॉलिसीतलं ॲव्हरेजचं कलम इंग्रजीत पाच ओळींचं आहे, आणि ते वाचून कुणाला काही कळल्याचं मी पाहिलेलं नाही. मी गोधडी वापरते. तुम्ही आठ हात अंगाला सहा हात गोधडी शिवलीत. तुम्हाला वाटतं, डोकं झाकू, पाय उघडे राहू देत, आणि आज डोक्यालाच थंडी वाजली म्हणून पूर्ण ऊब मागता. कंपनी म्हणते, गोधडी सगळ्या अंगावर ताणली होती. सगळीकडंच विरविरीत. बत्तीसला पंचवीस, तर सोळाला साडेबारा. त्यातून पुराच्या क्लेमची पाच टक्के कपात. हातात अकरा लाख साडेसत्त्याऐंशी हजार, तेही बँकेचं नाव पॉलिसीवर असल्यानं आधी बँकेकडं.

शेठनी कॅल्क्युलेटरवर तीनदा करून बघितलं. मग म्हणाले, "मॅडम, गोधडी शिवताना कुणी सांगितलं असतं तर?"

खरं सांगायचं तर कुणी सांगत नाही. कर्जाच्या मालाचा विमा बऱ्याचदा बँकच उतरवते, कर्जाच्या आकड्याएवढा. पॉलिसी बँकेच्या कपाटात. मालकानं ती पहिल्यांदा बघायची ती पाणी उतरल्यावर. यावर मी आमच्या बैठकांत तीन-चारदा बोलले, मिनिट्समध्ये नोंद झाली, चहा आला.

पुढच्या वर्षी शेठ स्वतः ऑफिसात आले, विमा वाढवायला. मला बरं वाटलं. पंचवीसचे तीस केले. माल चाळीसच्या घरात गेलाय, हे मला मुकादमाकडून कळलं.

१ एप्रिल २०२१ पासून छोट्या उद्योगांसाठी नव्या पॉलिसी आल्या, त्यांत विमा १५ टक्क्यांपर्यंत कमी पडला तर ती तूट धरत नाहीत. शेठची होती पंचवीस. जुलैत पुन्हा पाणी चढलं. २२ तारखेला चिपळूण बुडालं आणि मला तिकडं पाठवलं. बाजारपेठेत दुकानादुकानांतून भिंतीवरच्या रेघा मोजत होते, तेव्हा मुकादमाचा फोन आला. शाहूपुरीत गुडघाभर पाणी आहे म्हणाला. मी विचारलं, गूळ?

"आदल्या रातीच वर चढवला, ताई. शेठ नको म्हनत हुते, हमाली लागती म्हनून. सतराशे रवे. वहीत हाय."