वाळूशी ओळख

जून, जैसलमेर जिल्हा

पहाटे चारला उठलो. उन्हाळ्यात अंगमेहनतीचं काम नऊच्या आत उरकावंच लागतं: पीटी, खंदकाची डागडुजी, गाड्यांची तपासणी. त्यानंतर लू, म्हणजे भाजणारा गरम वारा, सुटते आणि पारा पंचेचाळीसच्या पुढे सरकतो. दुपारी राइफलच्या लोखंडाला उघडा हात लावायची सोय नाही.

आज कोल्हापूरकडचा नवा पोरगा राइफल साफ करत होता. तेल अगदी सढळ हाताने लावलेलं. म्हटलं, "पूस बाळा ते. ओलसर दिसलं की वाळू चिकटलीच." "उस्ताद, गंज?" म्हणाला. त्याची शंका रास्त आहे. आपल्याकडच्या पावसाळ्यात गंजाचीच भीती. इथे बोल्टमधली वाळू जास्त वाईट. मग त्याने चिंधीने सगळं कोरडं केलं, नखाएवढ्या खाचेतून बारीक पिवळी भुकटी काढून दाखवली. मला फार बरं वाटलं. असं शिकणारं पोर शेजारच्या मोर्च्यात असलं की रात्री धीर राहतो.

मी रत्नागिरीचा, पागोळ्यांखाली घागरी भरून वाढलेला. इथे वर्षाचा पाऊस जेमतेम दीडशे-दोनशे मिलिमीटर. पाण्याचा टँकर आला की आधी पिण्याचं, मग लंगरचं (आमच्या स्वयंपाकघराचं), उरलं तर अंघोळ. ताटं वाळूने घासायची आणि घोटभर पाण्यात विसळायची. ओळखीचं एकच भेटलं, फुरसं! तेच अंगावरचे खवले घासून करकरणं. बूट झटकल्याशिवाय कुणी पाय घालत नाही.

ह्याच जिल्ह्यात लोंगेवाला आहे. १९७१ च्या डिसेंबरात, ४ तारखेच्या रात्री, २३ पंजाबच्या (पंजाब रेजिमेंटच्या तेविसाव्या बटालियनच्या) शंभर-सव्वाशे जवानांनी पाकिस्तानी रणगाड्यांचा लोंढा सकाळपर्यंत थोपवला. उजाडल्यावर जैसलमेरहून हंटर विमानं आली. पण शत्रूचे कित्येक रणगाडे मऊ वाळूत रुतले होते, हे मी नव्या पोरांना मुद्दाम सांगतो. कुठली वाळू चाक धरते, कुठली गिळते, टायरमधली हवा किती कमी करायची, हे पायी फिरूनच कळतं. म्हणून गस्तीचा कंटाळा केलेला मला खपत नाही.

संध्याकाळी आईचा फोन लागला. गावाकडे पाऊस सुरू झालाय, लावणीला माणसं मिळत नाहीयेत. सुट्टीचं विचारलं तिने. अर्ज टाकलाय, म्हणालो.

वाऱ्याने खंदकाची पश्चिमेकडची बाजू पुन्हा भरली आहे. उद्या पहाटे आधी ती उपसायची, सँडबॅगा नव्याने रचायच्या. त्या कोल्हापूरच्या पोराला सोबत घेईन.