त्या बर्फात ती एवढीशी गाडी?

आमच्या हॉलमध्ये एक फोटो आहे. लाल रंगाची दोन माणसांची गाडी बाजूच्या आरशांपर्यंत बर्फात बुडलेली, आणि शेजारी हातात फावडं घेतलेली मी. ठाण्याच्या नौपाड्यातल्या या घरी पहिल्यांदा येणारं प्रत्येक जण विचारतं, ‘अगं, ही चालायची बर्फात? भीती नाही वाटली?’ गेल्या आठवड्यात तळमजल्यावरच्या काकूंनी तेच विचारलं, पण कळकळीने. त्यांचा मुलगा मॉन्ट्रियलला शिकायला निघालाय आणि अशाच एका सेकंडहँड गाडीवर त्याचा जीव जडलाय. काकू, तुम्ही विचारलंत म्हणून सगळं सविस्तर सांगते.

चालायची. त्याच मॉन्ट्रियलमध्ये चार हिवाळे चालली.

गाडी होती माझदा मियाटा, दुसऱ्या पिढीतली. हाताने टाकायचे गिअर, कापडी छत, वजन जेमतेम अकराशे किलो. इंजिनाची ताकद फक्त मागच्या चाकांना. जमिनीपासून इतकी खाली, की आपल्या सोसायटीच्या गतिरोधकावर तिरकी घ्यावी लागली असती. ऑफिसात सगळे म्हणायचे, ही वीक आणि चारही चाकं ओढणारी मोठी गाडी घे. त्यांचं अर्धंच बरोबर होतं. चारही चाकांना ताकद असली की गाडी जागची पटकन सुटते. थांबताना आणि वळताना मात्र प्रत्येक गाडी तळहाताएवढ्या रबराच्या चार ठिपक्यांवरच उभी असते, मग ती केवढीही असो.

हे मी शिकले पहिल्याच नोव्हेंबरात. क्युबेकमध्ये, म्हणजे मॉन्ट्रियल आहे त्या कॅनडाच्या प्रांतात, 1 डिसेंबर ते 15 मार्च हिवाळी टायर सक्तीचे आहेत. मी म्हटलं, कायदा डिसेंबरपासून आहे ना, मग आताच कशाला खर्च? एका सकाळी पारा उणे दोनवर होता. रोजच्या कोपऱ्यावर वळताना गाडीचा मागचा भाग शांतपणे पुढे यायला निघाला. आवाज नाही, धक्का नाही. अर्धी गिरकी घेऊन गाडी बर्फाच्या ढिगाऱ्यात टेकली. सुदैवाने रस्त्यावर कुणी नव्हतं. मी स्टिअरिंग धरून बराच वेळ तशीच बसून राहिले.

उन्हाळी टायरचं रबर साधारण सात अंशांखाली कडक होऊ लागतं आणि रस्त्याला धरत नाही. हिवाळी टायरचं रबर थंडीतही मऊ राहतं, आणि त्यावरच्या असंख्य बारीक चिरा बर्फाला पकडतात. टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण असं चिन्ह असतं, ते बघून घ्यायचे. मी त्याच आठवड्यात चारही चाकांना घातले. फक्त मागच्या दोनांना घालून भागत नाही, पुढच्यांनी रस्ता सोडला की गाडी वळायचंच नाव घेत नाही. टायर बदलल्यावर मला वाटलं, कुणी दुसरीच गाडी आणून दिली.

बाकीचं त्या गाडीनेच शिकवलं. ती इतकी बुटकी, आणि बसायची जागा मागच्या चाकांच्या इतकी जवळ, की घसरण डोळ्यांआधी कमरेला कळायची. पहिला मोठा बर्फ पडला की मी रविवारी पहाटे एका रिकाम्या पार्किंगमध्ये जायची. मुद्दाम जोरात ब्रेक दाबायची, एबीएसची, म्हणजे चाकं जाम होऊ न देणाऱ्या ब्रेकची, पायाखालची थरथर ओळखीची करून घ्यायची. मागचा भाग सुटला की नजर जायचं तिकडेच ठेवायची, हात आपोआप तिकडे वळतात. जागेवरून निघताना दुसरा गिअर. झटक्यात खालचा गिअर टाकायचा नाही, कारण इंजिनाच्या ओढीने मागची चाकं फिरायची थांबून बर्फावर घसरतात. पार्क करताना हँडब्रेक ओढायचा नाही, गोठून बसतो. गाडी गिअरमध्ये ठेवायची. टायरमधली हवाही थंडीने उतरते, साधारण दर पाच-सहा अंशांना दाब एक पीएसआयने कमी.

एक गोष्ट इथे कुणाला खरी वाटत नाही. उणे वीसला मी शून्यापेक्षा निवांत चालवत असे. फार थंडीत बर्फ कोरडा, करकरीत असतो, टायर त्याला थोडं तरी धरतं. शून्याच्या आसपास त्यावर पाण्याचा पापुद्रा असतो, तो सगळ्यात वाईट. आणि पूल! खालूनही वारा लागतो म्हणून रस्त्याआधी पूल गोठतो. झाक-कार्तिए पुलावर मी कधी कुणाला ओव्हरटेक केलं नाही.

ती कुठे हरायची, तेही सांगायला हवं. ताजा बर्फ वीतभर साचला की तिचं पोट त्यावर टेकायचं आणि चाकं नुसती फिरायची. त्या दिवशी मेट्रो. तिथली मेट्रो अख्खी जमिनीखालून जाते, आणि तीही रबरी टायरवरच धावते.

मिठाने मात्र तिला खाल्लं. रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात. मी दर शरदात तळाला तेल फवारून घेतलं, जमेल तेव्हा खालून धुतली, तरी चौथ्या वसंतात दाराखालच्या पत्र्यावर बोट दाबलं तर पापुद्रा निघाला. विकताना रडले होते.

आता जूनमधल्या पहिल्या पावसात गायमुखच्या घाटात शिरले, की पाय आपसूक हलका होतो. आठ महिन्यांचं तेल आणि धूळ वर तरंगलेली असते, दुचाकीवाले घसरतात, आणि शेजारून जाणाऱ्या गाड्यांचे टायर गुळगुळीत दिसतात. आपल्याकडे खाचांची खोली किमान 1.6 मिलिमीटर हवी असा नियम आहे. पावसात मी तेवढ्यावर कुणालाही चालवू देणार नाही.

तेव्हा काकू, त्याला म्हणावं, गाडी खुशाल घे, पण टायरचे पैसे आधी बाजूला काढून ठेव. भीतीचं विचारलंत ना? वाटायची. चौथ्या हिवाळ्यातही वाटायची, शून्याच्या आसपास, पुलावर.