चौदा मुद्द्यांचं पत्रक आणि आजोबांची समिती

आमचा एक मित्र नगरसेवकपदाला उभा राहायचं म्हणतोय. परवा रात्री पत्रकाचा मसुदा घेऊन घरी आला, म्हणाला तू लिहितोस ना जरा, बघ नीट करून दे. बघितलं तर चौदा मुद्दे. महिलांसाठी शिवण क्लास, तरुणांना ओपन जिम, ज्येष्ठांना कट्टा, रिक्षावाल्यांना स्टँड, उत्तर भारतीयांना छठसाठी घाट, असं करत करत शेवटी प्राणीप्रेमींसाठी पण एक होता. म्हणे सर्वसमावेशक मेसेज आहे. मला तर ते लग्नाच्या जेवणाचं मेनूकार्ड वाटलं, ज्यात प्रत्येकजण आपलाच पदार्थ शोधतो आणि बाकीच्याकडे बघतही नाही.

त्याला मी आमच्या आजोबांचं सांगितलं. आजोबा लालबागला गिरणीत साचेखात्यात होते, लाल बावट्याचे, आणि संयुक्त महाराष्ट्राचा विषय निघाला की त्यांना जेवण गार झालेलं चालायचं. लहानपणी कंटाळा यायचा. आता वाटतं की राजकारणात वेगवेगळ्या लोकांना एकत्र कसं आणायचं याचा एवढा जवळचा धडा घरातच होता आणि आपण गृहपाठ करत बसलो.

6 फेब्रुवारी 1956 ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती झाली, तिच्यात कोण कोण होतं बघा. डांग्यांचे कम्युनिस्ट, एसेम जोशींचे प्रजासमाजवादी, शेकाप, दादासाहेब गायकवाडांचं शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, म्हणजे बाबासाहेबांचा पक्ष, आणि सोबत जनसंघ न् हिंदुमहासभा. ही मंडळी एरवी एका मांडवात चहा पिणार नाहीत. 1952 ला मुंबईत बाबासाहेब पडले तेव्हा कम्युनिस्टांनी त्यांच्याविरुद्ध प्रचार केला होता, ती जखम अजून ओली होती. आणि 1957 च्या निवडणुकीत याच समितीच्या जोरावर दादासाहेब गायकवाड नाशिकमधून लोकसभेत गेले, नाना पाटील साताऱ्यातून गेले, आणि रत्नागिरीतून कोण, तर जनसंघाचे प्रेमजीभाई आसर. गुजरात्यांशी भांडण म्हणून हिणवल्या गेलेल्या चळवळीत कोकणातून प्रेमजीभाई! आजोबा हे सांगताना हमखास हसायचे.

हे जमलं कसं? माझं मत असं की मागणी एकच होती, मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे, पण "कशासाठी" ते ज्याने त्याने आपलं आपलं ठरवलं होतं. आजोबांसाठी तो गिरणीमालकांशी हिशेब होता, घाम आमचा आणि शहर त्यांचं हे चालणार नाही. गावाकडच्या शेकापवाल्याला मराठी बोलणारं, शेतकऱ्याचं ऐकणारं सरकार हवं होतं. आजीला विचारलं तर ती म्हणायची, गोळीबारात आपल्याच चाळीतला पोरगा गेला, मग कशाला पाहिजे दुसरं कारण. समितीने कुणाला आपलं कारण सोडून दे असं सांगितलं नाही. अत्रे आपल्या भाषेत हाणायचे, एसेम आपल्या शांत भाषेत समजवायचे, आणि अण्णाभाऊ साठे, अमर शेख डफ घेतला की तेच वाक्य लावणी-पोवाड्यातून गिरणगावात घरोघर जायचं. सगळ्यांनी एकाच छापील पत्रकातून वाचलं असतं तर मला नाही वाटत काही झालं असतं.

आता खोटं कशाला बोलू, सभांमधून गुजराती-मारवाड्यांवर जीभ घसरायचीच, आजोबांचीही. खरं तर मराठी-गुजराती मिळून केलेलं द्विभाषिक राज्य तिकडे वेगळा गुजरात मागणाऱ्या इंदुलाल याज्ञिकांच्या लोकांनाही नको होतं, म्हणजे मागणी दोघांची जुळत होती, पण चाळीच्या नाक्यावर एवढा विचार कोण करतो.

दुसरी गोष्ट आजोबा सांगायचे नाहीत, ती मी नंतर वाचली. 1957 ला पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची धूळधाण झाली तरी सरकार काँग्रेसचंच आलं, कारण गुजरातसोबत विदर्भ आणि मराठवाडा तिच्या बाजूने राहिला. मुंबईसह! हे ऐकून नागपूरच्या माणसाच्या अंगावर काटा का यावा? वेगळ्या विदर्भाचं बोलणं तिथे आधीपासून होतं, 1953 चा नागपूर करार करून त्यांची समजूत घालावी लागली होती. त्या वाक्यात त्यांच्या "कशासाठी"ला जागाच नव्हती. आणि 1 मे 1960 ला मुंबई मिळाल्यावर समिती मोडायला लागली, बेळगाव-कारवार-निपाणी मात्र त्याच घोषणेत होते ते अजून कर्नाटकातच आहेत.

तर मित्राला म्हटलं चौदा मुद्दे फाड, एकच ठेव, पाणी. सोसायटीवाला टँकरच्या बिलाने वैतागलाय, चाळीतल्या बायका पहाटे चारला उठतात, नाक्यावरचा हॉटेलवाला कॅन विकत घेतो, सगळे आपापलं कारण घेऊन येतील. त्याला पटलं. तिथेच वहीत मोठ्या अक्षरात लिहिलं, "पाणी वेळेवर आलंच पाहिजे".

मग त्याची बायको, जी इतका वेळ मोबाईलमध्ये होती, म्हणाली, वरच्या डोंगरपट्टीवर तर लाईनच नाहीये, त्यांचं काय वेळेवर येणार?

तीन हजार मतं आहेत तिथे. वही अजून माझ्याकडेच आहे, "वेळेवर" वर काट मारलीये, पुढे काय लिहायचं ते सुचलेलं नाही.