२४ ब्लेडची एडी

१७ एप्रिल २०१८ रोजी साउथवेस्ट या अमेरिकन विमान कंपनीच्या १३८० फ्लाइटच्या डाव्या इंजिनाचं फॅन ब्लेड, म्हणजे पुढच्या पंख्याचं पातं, हवेतच तुटलं आणि एका प्रवासी महिलेचा जीव गेला. तीन दिवसांत एफएएची, म्हणजे अमेरिकेच्या विमान नियामक संस्थेची, तातडीची एडी आली. एडी म्हणजे एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह, विमानाच्या सुरक्षेसाठीचा बंधनकारक आदेश. त्यातलं काम मुदतीत झालं नाही तर विमान जमिनीवर, तिथे कुणाचीही ओळख चालत नाही. त्या विमानावर होतं तसल्या सीएफएम५६-७बी इंजिनाच्या ३०,००० सायकल झाल्या असतील (उड्डाण आणि लँडिंग मिळून एक सायकल, तास कितीही होवोत), तर २० दिवसांत ब्लेडची अल्ट्रासॉनिक तपासणी. पुढच्या महिन्यात ही मर्यादा २०,००० सायकलच्या ब्लेडपर्यंत खाली आली.

तेव्हा मी मेंटेनन्समध्ये होतो. प्रत्यक्ष तपासणीला इंजिनामागे साधारण चार तास लागतात, तेही ब्लेड न काढता. आम्ही अडकलो रेकॉर्डमध्ये. एका इंजिनात २४ ब्लेड, पण पक्षी आदळला, कड खराब झाली की मधलं एखादं बदललेलं असतं. त्यामुळे इंजिनाच्या सायकल वेगळ्या आणि त्यात बसलेल्या ब्लेडच्या वेगळ्या. एकेक सीरियल नंबर धरून वर्कशॉपमधल्या दुरुस्तीचे जुने शॉप रिपोर्ट उपसायचे, हेच काम. ज्याचा हिशेब लागेना, त्याला जुनंच धरायचं, असं आमच्याकडे ठरलं. मला ते पटलं. अंदाजाने आकडा भरण्यापेक्षा तपासणी स्वस्त पडते.

हँगरमध्ये एनडीटीवाला (भाग न तोडता आतले दोष शोधणारा तंत्रज्ञ) आधी मुद्दाम खाच पाडलेल्या नमुन्यावर यंत्र लावून घ्यायचा. मग ब्लेडच्या बुडाशी जेल लावून प्रोब सावकाश सरकवायचा. ब्लेडचं डव्हटेल, म्हणजे बुडाचा पाचरीसारखा भाग, डिस्कच्या खाचेत बसलेलं असतं, वर कोटिंग; तिथला तडा डोळ्यांना दिसणं शक्य नाही. एका ब्लेडवर त्याचा हात थांबला. पुन्हा जेल, पुन्हा तोच सिग्नल. वाद नको, ब्लेड काढलं.

बदली ब्लेड पुरवठादाराकडून आलं, तर रिलीज सर्टिफिकेट (भाग वापरायला योग्य असल्याचा दाखला) होतं पण सायकलचा आकडाच नाही. स्टोअरवाले म्हणाले, "साहेब, माल तर नवाकोरा दिसतोय." दिसतो ना! परत पाठवलं. दुसरं पूर्ण कागदांसह आलं, पण मोमेंट वेट (फिरताना तोल ठरवणारं वजनाचं माप) जुळेना, म्हणून समोरचं ब्लेडही बदलून जोडी लावली. डव्हटेलला लुब्रिकंट, इंजिन रन, व्हायब्रेशन बघून स्पिनरच्या (इंजिनाच्या तोंडावरच्या शंकूच्या) मागच्या कोनवरचे बॅलन्स स्क्रू बदलले आणि मग विमान उड्डाणाला सोडण्याच्या रिलीजवर सही.

विमान गेलं, एडी काही गेली नाही. आधी दर ३,००० सायकलला करायची पुढची तपासणी नंतर १,६०० वर आली आणि प्लॅनिंगवाल्यांनी आमचा पुढचा तक्ता नव्याने मांडायला घेतला.