दोन होल खेळलो, तीही एक स्पर्धा मोजली

माझं गोल्फचं कार्ड टिकलं. टूरची, म्हणजे आम्ही प्रो ज्या स्पर्धांच्या मालिकेत खेळतो तिची, एका ओळीची मेल आली, दादाने ती दोनदा मोठ्याने वाचली. तरी त्यासाठी दुखापतीची जी मेडिकल फाइल करावी लागली, ती काही डोक्यातून जात नाही, म्हणून लिहितोय.

टीव्हीवर गोल्फ बघणाऱ्यांना वाटतं, एकदा प्रो झालं की झालं. तसं नसतं. कार्ड म्हणजे पुढच्या सीझनमध्ये खेळायला मिळण्याचा हक्क, आणि तो बहुतेकांना दरवर्षी नव्याने कमवावा लागतो. अमेरिकेतल्या मोठ्या पीजीए टूरवर वर्षानुवर्षं पॉइंटांच्या यादीतल्या पहिल्या 125 जणांचं कार्ड टिकायचं. 2026 च्या सीझनपासून ती रेघ 100 वर आणलीय. तिथे एखादी स्पर्धा जिंकली की साधारण दोन वर्षांची निश्चिंती, मेजर, म्हणजे चार सर्वांत मोठ्या स्पर्धांपैकी एक, जिंकली की पाच. आमची टूर पुष्कळ लहान, पण रेघ आहेच, आणि मी कायम तिच्या आसपास.

सीझनच्या मध्यावर मनगट गेलं. दुसऱ्या होलवर बॉल ओल्या रफमध्ये, म्हणजे कडेच्या उंच गवतात, पार रुतला होता. नऊ नंबरची आयर्न मारली, गवताने क्लब धरून ठेवला आणि मनगटात टक्कन वाजलं. दादा माझी बॅग उचलतो. त्याने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि काही न विचारता क्लब पुसून आत ठेवला.

अशा वेळी मेडिकल एक्स्टेंशन मागता येतं. दुखापतीमुळे जितक्या स्पर्धा हुकल्या तितक्या पुढच्या सीझनमध्ये मिळतात, आणि तेवढ्यांत, जुने पॉइंट धरून, गेल्या वर्षी यादीत ज्याचं कार्ड जेमतेम टिकलं त्याच्या पॉइंटांना गाठायचं. नियम माणुसकीचा आहे. टूरच्या ऑफिसबद्दल तसं म्हणवत नाही.

पहिल्यांदा फाइल परत आली ती डॉक्टरांच्या पत्रामुळे. त्यांनी लिहिलं होतं, ‘विश्रांतीचा सल्ला दिला आहे.’ ऑफिसचं म्हणणं, सल्ला काय, कुणीही देतो; ‘स्पर्धेत खेळण्यास असमर्थ’ असं हवं, कधीपासून कधीपर्यंत तेही हवं. बरं, आणलं. तर म्हणे दुखापतीची तारीख जुळत नाही. पत्रात एमआरआयची तारीख होती, दुखापतीनंतर नऊ दिवसांची. मधल्या आठवड्यात एक स्पर्धा होती. ती मी दुखापतीमुळेच सोडली याचा पुरावा काय? मी म्हटलं, साहेब, मला चहाचा कप धरता येत नव्हता. ते म्हणाले, तसं लेखी द्या. चहाचं नव्हे, दुखापतीचं! शेवटी दुसऱ्या होलवर मला बर्फ बांधणाऱ्या फिजिओला गाठलं, त्याच्या वहीत तारीख-वेळ सापडली. म्हणून सांगतो, गोल्फ कोर्स सोडण्याआधी कुणाकडून तरी लिहून घ्या. दुखत असलं तरी.

मग आली ती दोन होलांची गोष्ट. पहिल्या टीवरून, म्हणजे पहिला होल जिथून सुरू होतो तिथून, बॉल मारला म्हणजे स्पर्धा खेळलात. पुढे दोन होल खेळा नाहीतर चार दिवसांचे सगळे 72. मला आठ मिळायच्या त्या सात झाल्या. यावर मी तीन मेल लिहिल्या. आता शांतपणे वाचलं तर नियम त्यांच्याच बाजूने आहे, हे कबूल. पण एका स्पर्धेची किंमत त्या टेबलामागच्या माणसाला कळत नाही, हेही खरं. मनगट आधीपासून कुरकुरत असेल तर पहिल्या टीवर जाऊच नका. मी गेलो होतो.

दादा तेव्हा एकच नाव घ्यायचा, अर्जुन अटवाल. 2010 मध्ये खांद्याच्या दुखापतीनंतर मिळालेली मुदत त्याला पुरली नाही, पीजीए टूरचं कार्ड गेलं. काही आठवड्यांतच सोमवारच्या क्वालिफायिंगमधून, म्हणजे उरलेल्या थोड्या जागांसाठीच्या पात्रता फेरीतून, तो ग्रीन्सबरोच्या विंडहॅम चॅम्पियनशिपमध्ये शिरला आणि जिंकला. त्या टूरवर जिंकणारा पहिला भारतीय. ऐकायला छान. पण मला सोमवारी कुठे जायचंच नव्हतं, स्पर्धा सुरू होते त्या गुरुवारी सरळ टी-टाइम, म्हणजे खेळायला उतरायची वेळ, हवा होता.

फिजिओथेरपी झाली, खेळलो, सातपैकी सहाव्या स्पर्धेत पॉइंट पुरे झाले. त्यात सांगण्यासारखं काही नाही, पुट पडले.

एक राहिलंच. तुमच्या टूरचा सीझन कधी सुरू होऊन कधी संपतो ते आधी पाहून ठेवा, मुदत त्यावरून मोजतात. पीजीए टूरचा सीझन 2013 पासून दहा वर्षं शरद ऋतूत सुरू व्हायचा. 2024 पासून पुन्हा जानेवारीत सुरू होतो.

आणि एक्स्टेंशन मिळालं म्हणजे नाव आपोआप लागत नाही. प्रत्येक स्पर्धेची एन्ट्री आपणच करायची. पीजीए टूरवरही आदल्या शुक्रवारी संध्याकाळी पाचला दार बंद होतं. माझी पहिलीच एन्ट्री दादाने पाचला सात मिनिटं कमी असताना टाकली. मी तेव्हा चौथी मेल लिहीत होतो.