फरशी घातलेल्या परसदारातले पावसाचे पाणी

नाशिकला पाऊस फार पडत नाही, असे आपण इतक्या सवयीने म्हणतो की घराभोवतीच्या पाण्याची सोय पाहण्याची कुणाला गरजच वाटत नाही. शहराची वार्षिक सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास आहे आणि जवळच्या इगतपुरीत त्याच्या चौपटीहून कमी पडत नाही, हे खरेच. पण परसदारात पाणी तुंबवतो तो वर्षभराचा पाऊस नव्हे, तर जूनच्या सुरुवातीची किंवा परतीच्या पावसातली तासाभराची जोरदार सर. आमच्या पाथर्डी फाट्याकडच्या रो-हाउसच्या मागे साधारण ४० चौरस मीटरची फरशी आहे आणि ६० चौरस मीटरच्या गच्चीचे पाणी चार इंची पाइपातून तिच्यावरच उतरत असे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, या साध्या हिशेबाने ५० मिलिमीटरची सर आली की तिथे ५००० लिटर पाणी गोळा होणार, आणि त्यातले ३००० लिटर तर मुळात परसदारात पडलेलेच नसते.

म्हणून फरशी उखडण्याआधी गच्चीचा पाइप वळवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तो भिंतीच्या कडेने नेऊन थेट रस्त्याच्या पावसाळी गटाराला सोडता आला, तर निम्म्याहून अधिक प्रश्न फरशीला हात न लावता सुटतो. मात्र हे पाणी भुयारी गटारात सोडू नये. पाणी तुंबले की मैल्याच्या चेंबरचे झाकण उचलून ठेवण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे; त्याने आपले अंगण मोकळे होते, पण ती वाहिनी घरातल्या सांडपाण्याच्या मापाने टाकलेली असल्यामुळे उताराच्या बाजूच्या घरात नहाणीतून घाण पाणी उलटे वर येते, आणि तपोवन, आगर टाकळी यांसारख्या मलनिस्सारण केंद्रांवर पावसाच्या पाण्याचा विनाकारण भार पडतो.

राहिला प्रश्न ढाळाचा. जुन्या शहाबादीवरच नवी कोटा फरशी बसवण्याचा मार्ग स्वस्त असल्याने लोकप्रिय आहे, परंतु प्रत्येक थराबरोबर अंगण चार-पाच सेंटिमीटर वर येते, जोते तेवढे खाली जाते, आणि मग मागच्या खोलीच्या भिंतीला ओल आली की रंगाऱ्याला दोष दिला जातो. फरशीची तयार पातळी जोत्याच्या किमान १५ सेंटिमीटर खाली राहिली पाहिजे; ती राहत नसेल, तर जुना थर काढण्याला पर्याय नाही. ढाळ एक मीटरला एक सेंटिमीटर, म्हणजे पाच मीटरच्या अंगणाला पाच सेंटिमीटर, आणि तो घराकडून कंपाउंडच्या भिंतीकडे. पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेऊन दोन टोकांच्या पातळ्या भिंतीवर आखून घेतल्या की गवंड्याशी वाद उरत नाही. मध्यभागी नहाणीची जाळी बसवून चारही बाजूंनी ढाळ देण्याचा आग्रह बरेच जण धरतात. मोठ्या फरशीला तो नीट देता येत नाही, कारण तिला तिरके कापावे लागते आणि सांध्यांशी खड्डे राहतात. एकाच दिशेचा ढाळ आणि भिंतीलगत जाळीने झाकलेली लांब पन्हळ हे काम सोपे आहे, शिवाय पानांनी एक जागा तुंबली तरी बाकीची पन्हळ चालू राहते.

शोषखड्ड्याबद्दल मात्र थोडे सविस्तर लिहायला हवे, कारण पाणी जमिनीत मुरवावे ही इच्छा चांगली असली तरी नाशिकची जमीन सगळीकडे सारखी नाही. वर काळी माती, खाली मुरूम आणि त्याखाली काळा पाषाण, असा आपला साधारण क्रम. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि त्या भेगांतून पहिले पाणी झरझर खाली जाते. एकदा ती फुगली की भेगा मिटतात आणि पाणी जवळजवळ मुरतच नाही. शिवाय ही फुगण्याची आणि आकसण्याची क्रिया पायाजवळ वारंवार होऊ लागली, तर भिंतींना तडे जातात. म्हणून खड्डा घराच्या पायापासून निदान तीन मीटर दूर घ्यावा आणि मुरूम लागेपर्यंत खाली न्यावा. मुरमातही हातभर लहान खड्डा करून तो एकदा पाण्याने भरून जिरू द्यावा, पुन्हा भरावा आणि तासाभरात पातळी किती उतरते ते पाहावे. ती हलतच नसेल, तर त्या जागी शोषखड्ड्यावर खर्च करू नये.

जमीन अनुकूल असली तरी खड्ड्याचे माप डोळ्यांसमोर असावे. एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि दीड मीटर खोल खड्डा दगडांनी भरला, तर दगडांमधल्या पोकळीत साधारण ६०० लिटर पाणी मावते. गच्चीचा पाइप वळवल्यानंतरही आमच्याकडे त्या एका सरीचे २००० लिटर उरतात. श्रावणापर्यंत आजूबाजूची जमीन पाण्याने भरलेली असते, तेव्हा मुरण्याचा वेग आणखी घटतो. त्यामुळे खड्ड्याच्या वरच्या भागातून जादा पाणी रस्त्याच्या गटाराकडे नेणारा पाइप हवाच. पन्हळ आणि खड्डा यांच्यामध्ये गाळ अडवणारे छोटे चेंबर ठेवावे, नाहीतर काही पावसाळ्यांत दगडांमधली पोकळी मातीने भरून जाते. त्या चेंबरच्या तळाशी पाणी साचून राहते, आणि डासाची अंडी ते पूर्ण डास हा प्रवास आठवडा-दहा दिवसांत होत असल्याने, घरातल्या पाण्याच्या टाक्यांसाठी आपण जो कोरडा दिवस पाळतो त्यातच ते उपसून टाकावे.

भिंतीलगतची दोन फूट रुंदीची फरशी काढून तिथे माती मोकळी करावी, हे मला सगळ्यांत पटलेले काम. जुन्या घरांत मोरीच्या पाण्यावर अळू आणि केळी वाढवत, तीच युक्ती इथे चालते. कर्दळही लावावी, तिला पाय ओले राहिलेले चालतात. हा पट्टा फरशीपेक्षा थोडा खोलगट ठेवावा, कारण हौसेने उंच वाफा बांधला तर तोच बांध ठरतो.

ही सगळी कामे एप्रिल-मे महिन्यांत उरकावीत आणि गवंड्याचा शेवटचा हिशेब चुकता करण्यापूर्वी फरशीवर नळीने भरपूर पाणी सोडावे. ते ओसरल्यावर जिथे डबके राहील त्याच्याभोवती खडूने रेघ ओढावी आणि तेवढ्या फरश्या त्याच्याकडूनच उचलून पुन्हा बसवून घ्याव्यात.